उलाळ झालेला ट्रेलर आणि घाटाचा उतार

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील शेतकरी असून माझे वय ५२ आहे. गेल्या वर्षी डबल कॅबची डिझेल पिकअप घेतली आणि यंदा पावसाळा संपल्यावर कोल्हापूरकडच्या एका गृहस्थाकडून दोन चाकांचा जुना प्रवासी ट्रेलर विकत घेतला. आत दोन खाटा आणि स्वयंपाकाचा ओटा आहे, आणि मागच्या भिंतीला लागून १०० लिटरची पाण्याची टाकी आहे. पाटीवर रिकामे वजन ९५० किलो लिहिले आहे. जोडणीच्या बॉलपासून ॲक्सलपर्यंतचे अंतर १२ फूट भरते आणि टाकी ॲक्सलच्या मागे ६ फुटांवर येते. दिवाळीनंतर आम्ही सहकुटुंब आदमापूरला जाऊन आलो. जाताना काही त्रास झाला नाही. परत निघताना टाकी भरून घेतली होती आणि ४५ किलोचा जनरेटरही मागेच ठेवला होता. हत्तरगीच्या अलीकडे ताशी ७५ च्या वेगात असताना एक आरामबस बाजूने पुढे गेली आणि ट्रेलरची शेपटी डावी-उजवी डोलू लागली. मी ब्रेक दाबला, तेव्हा डोलणे आणखी वाढले. कशीबशी गाडी सावरली. विकणारे म्हणतात, तुमची पिकअप हत्तीसारखी ओढेल, चिंता नको. डिसेंबरमध्ये चोर्ला घाटामार्गे गोव्याला जाण्याचा बेत आहे. आईचे वय ७८. तिला फार वेळ बसवत नाही, म्हणून ती ट्रेलरमधील खाटेवर आडवी होऊन येईल असा विचार आहे. हे योग्य आहे का? डोलणे कशामुळे झाले? आणि घाट कोणता धरावा?

उत्तर : तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर एका शब्दात देता येते, म्हणून ते आधी देतो : नाही. आईंना चालत्या ट्रेलरमध्ये झोपवू नका, बसवूही नका, आणि मुलांनाही तिथे खेळू देऊ नका. त्या खाटेला सीटबेल्ट नाही, ट्रेलरच्या भिंती अपघाताचा मार सोसण्यासाठी बांधलेल्या नसतात, आत गॅसची टाकी आणि सुटे सामान असते, आणि आतील माणसाने हाक मारली तरी ती पिकअपमध्ये ऐकू येत नाही. हत्तरगीजवळ ट्रेलर डोलला तेव्हा आई त्या खाटेवर असत्या तर काय झाले असते, याचा विचार तुम्ही केला असेलच. त्यांना पिकअपच्या पुढच्या सीटवर, पाठ थोडी मागे कलवून आणि पट्टा लावून बसवावे. दर तासा-सव्वातासाने गाडी रस्त्यापासून आत नेऊन उभी करावी, ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, म्हणजे दगड किंवा लाकडाचा अडसर, लावावी, कोपऱ्यांचे टेकू खाली सोडावेत आणि मग त्यांना अर्धा तास खाटेवर पडू द्यावे. उभ्या ट्रेलरमध्ये विश्रांती घेण्यास कोणतीच हरकत नाही. ट्रेलर त्यासाठीच तर आहे.

आता हत्तीविषयी. आजच्या डिझेल पिकअपला सव्वा टनाचा ट्रेलर ओढणे जड जात नाही हे खरे आहे, पण तुमच्यापुढचा प्रश्न ओढण्याचा नव्हताच. हत्तरगीजवळ गाडी ओढण्यात कमी पडली नाही. मागच्या वजनाने पुढच्या गाडीला हलवले. त्यामुळे ओढण्याची ताकद किती, या आकड्यावर समाधान मानू नका. परदेशातील चित्रफितींमध्ये आपल्याकडील पिकअपच्याच नावाच्या गाड्या साडेतीन टनांचे ट्रेलर ओढताना दिसतात. तो आकडा तिथल्या गाडीचा, तिथल्या हिचचा (बॉल जिच्यावर बसतो त्या पिकअपमागच्या जोडणीचा) आणि स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरचा असतो; ट्रेलरला ब्रेक नसेल तर त्याच गाड्यांना तिथे ७५० किलोंच्या वर परवानगी नसते. तुमच्या गाडीबरोबर आलेल्या भारतीय मॅन्युअलमध्ये ट्रेलरचे कमाल वजन, पिकअप आणि ट्रेलर मिळून कमाल वजन आणि मागच्या ॲक्सलवरील कमाल भार हे तीन आकडे पाहा. ते तिथे नसतील तर कंपनीकडून लेखी मागवा. शोरूममधील तोंडी उत्तरावर घाट उतरू नये.

डोलण्याचे कारण तुमच्या पत्रातच आहे. जाताना टाकी रिकामी होती तेव्हा काही झाले नाही, परतताना ती भरली आणि ट्रेलर डोलला. आपल्याकडे या दोषाला बैलगाडीच्या काळापासून नाव आहे. भाताच्या पोत्यांची थप्पी चाकांच्या मागे गेली की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते आणि बैलांचा गाडीवर ताबा राहत नाही. उलट थप्पी फार पुढे आली तर जू मानेत रुतते. तुमचा ट्रेलर ही नेमकी तशीच दोन चाकांची गाडी आहे, फक्त बैलांच्या मानेच्या जागी पिकअपचा बॉल आहे. त्या बॉलवर ट्रेलरच्या दांडीचा जो दाब पडतो तो भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा, असा या जातीच्या ट्रेलरसाठी रूढ नियम आहे. मात्र गाडी किंवा हिच बनवणाऱ्याने दाबाची कमाल मर्यादा दिलेली असेल तर ती ओलांडता येत नाही. दाब फार कमी असेल तर ट्रेलरची शेपटी मोकळी होते. मग बाजूचा वारा, रस्त्यातील खड्डा किंवा पुढे जाणारी बस एवढे निमित्त तिला पुरते.

बसचे काय होते तेही समजून घ्या. मोठी बस मागून येते तेव्हा तिच्या तोंडापुढे दाबलेली हवा आधी ट्रेलरच्या शेपटीला बाहेर ढकलते, आणि बस पुढे सरकली की तिच्या कुशीतील कमी दाब त्याच ट्रेलरला आत ओढतो. हे दोन धक्के एकामागून एक, विरुद्ध दिशांना बसतात. शेपटीकडे १०० किलो पाणी आणि ४५ किलोंचा जनरेटर असेल तर एकदा हललेली शेपटी लवकर थांबत नाही, कारण जड वस्तू मध्यापासून जितकी दूर, तितका तिचा झोका मोठा आणि हट्टी असतो.

तुमच्या मापांवरून मी एक हिशेब मांडला आहे. यातील एकूण वजन आणि सुरुवातीचा दाब मी अंदाजाने धरला आहे, पण वजन हलवल्याने पडणारा फरक तुमच्याच फुटांवरून काढला आहे. समजा, पाणी, जनरेटर, भांडी, अंथरुणे आणि तांदूळ धरून ट्रेलर १,२५० किलोंचा झाला आणि परतताना बॉलवर फक्त ४० किलो दाब उरला होता; म्हणजे जेमतेम तीन टक्के. बॉल ते ॲक्सल १२ फूट आणि टाकी ॲक्सलच्या मागे ६ फूट, म्हणून टाकीतील पाणी आपल्या वजनाच्या निम्म्याने, म्हणजे ५० किलोंनी, दांडी वर उचलत होते. टाकी रिकामी केली की हे ५० किलो परत मिळतात. जनरेटर मागच्या ६ फुटांवरून उचलून ॲक्सलच्या पुढे ३ फुटांवर ठेवला, तर तो एकूण ९ फूट पुढे सरकतो आणि १२ पैकी ९ या हिशेबाने त्याचे सुमारे ३४ किलो दांडीवर वाढतात. चाळीस, पन्नास आणि चौतीस मिळून १२४ किलो झाले. ट्रेलर आता १,१५० किलोंचा उरला. म्हणजे दाब जवळजवळ अकरा टक्के. नवीन सुटा भाग न घेता, केवळ पाणी सोडून आणि एक यंत्र हलवून, ट्रेलर पुन्हा सरळ चालू लागतो. पाणी मुक्कामाच्या गावी भरावे. गोव्यात पाणी मिळते.

या अंदाजावर मात्र निघू नका, वजन करा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत किंवा बाजार समितीच्या आवाराजवळ वजनकाटा मिळेल. गळीत हंगाम चालू असल्याने साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, तिथे तुमच्यासाठी कोणी थांबणार नाही. प्रवासाला निघताना जसे भरता तसे सर्व भरून, माणसे आणि डिझेलसह, तीन वजने घ्यावीत. पहिल्यांदा ट्रेलर सोडून फक्त पिकअप काट्यावर घ्या. दुसऱ्यांदा ट्रेलर जोडून, पण फक्त पिकअपची चारही चाके काट्यावर आणि ट्रेलरची चाके काट्याबाहेर अशी उभी करा. तिसऱ्यांदा जोडलेल्या अवस्थेतच पुढे सरकून फक्त ट्रेलरची चाके काट्यावर आणा. दुसऱ्या वजनातून पहिले वजा केले की बॉलवरचा दाब मिळतो, आणि त्यात तिसरे वजन मिळवले की ट्रेलरचे खरे एकूण वजन. मोठ्या काट्याचा आकडा १० किंवा २० किलोंच्या टप्प्याने सरकतो, त्यामुळे दाबाचा आकडा घरी एकदा पडताळून पाहावा.

त्यासाठी माणसाचे वजन करण्याचा साधा काटा पुरतो, मात्र त्याच्यावर थेट १२४ किलो टाकू नयेत. अंगणात सपाट जागी ट्रेलर उभा करून चाकांना उटी लावा. एक जाड फळी घ्या. तिचे एक टोक काट्यावर आणि दुसरे तितक्याच उंचीच्या विटेवर टेकवा. फळीच्या बरोबर मध्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा आणि दांडीचे तोंड जॅकने हळूहळू त्या ठोकळ्यावर उतरवा. ट्रेलर पाहता क्षणी समतल दिसला पाहिजे, नाकाने किंचित खाली असला तरी चालेल. काटा जो आकडा दाखवेल त्याची दुप्पट केली की दाब मिळतो. फळीचे वजन आधी पाहून वजा करावे. हे करताना दांडीखाली पाय किंवा हात जाऊ देऊ नका. मी स्वतः ही फळी गेली कित्येक वर्षे जपून ठेवली आहे, आणि घरी तिला कपडे धुण्याची फळी समजून दोनदा मोरीत नेले गेले आहे.

दुसरे टोकही गाठू नये, हे लक्षात ठेवावे. दाब वाढवायचा म्हणून सगळे सामान दांडीच्या पेटीत कोंबले तर ते ओझे पिकअपच्या मागच्या चाकांवर येते. बॉल मागच्या ॲक्सलच्या सव्वा मीटर मागे असेल, तर १२४ किलोंचा दाब मागच्या ॲक्सलवर १७० किलोंच्या आसपास पडतो आणि पुढच्या चाकांवरून पन्नासेक किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलके लागते आणि रात्री दिव्यांचे झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातात. पिकअपच्या हौद्यात तुम्ही आधीच दोन पोती टाकली असतील तर हा भार त्यांच्यावर आणखी चढतो. दाबाचे किलो पिकअपच्या भारात मोजावे लागतात ही गोष्ट बहुतेक जण विसरतात.

एवढी काळजी घेऊनही ट्रेलर कधी डोललाच, तर काय करावे? ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवा आणि गाडीचा वेग आपोआप उतरू द्या. पिकअपचा ब्रेक जोरात दाबू नका; तुम्ही दाबलात तेव्हा पुढची गाडी थांबू लागली, मागची तिला ढकलत राहिली आणि जोड कात्रीसारखा दुमडण्याच्या वाटेवर गेला. शेपटी डावीकडे गेली म्हणून स्टिअरिंग उलट फिरवणेही तितकेच घातक आहे, कारण माणसाचा हात नेहमी अर्धा झोका उशिरा पोहोचतो. ट्रेलरच्या ब्रेकसाठी पिकअपमध्ये वेगळी कळ असेल, तर फक्त ती हळूच दाबावी. मागून ओढ बसली की जोड सरळ होतो. डोलणे थांबले की पुढच्या मोकळ्या जागी उतरून सामान पाहावे, आणि त्या दिवशी पुन्हा ६० च्या वर जाऊ नये. सर्व काही बरोबर असतानाही महामार्गावर ताशी ८० ही तुमच्या पिकअप आणि ट्रेलरसाठी शेवटची रेषा समजावी.

तुमच्या पत्रात ट्रेलरच्या ब्रेकचा एकही उल्लेख नाही आणि मला सर्वांत जास्त खटकले ते हेच. १,१५० किलोंच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर घाटाचा विषय इथेच संपतो. आधी ब्रेक, मग गोवा. असतील तर ते दोन प्रकारचे असू शकतात. एकात विजेवर चालणारे ब्रेक असतात आणि पिकअपच्या डॅशबोर्डाखाली त्यांचे नियंत्रण बसवावे लागते. दुसऱ्याला ओव्हररन ब्रेक म्हणतात : पिकअप हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने दांडीतील सळई आत सरकते आणि तीच ट्रेलरचे ब्रेक लावते. वापरात नसलेल्या ट्रेलरमध्ये ही सळई गंजून अडकलेली आढळते. मळणी झालेल्या मोकळ्या रानात किंवा मैदानात ताशी २० च्या वेगाने जाऊन ब्रेक लावा आणि बाहेर एक माणूस उभा करून ट्रेलरची चाके खरोखर धरतात का ते पाहायला सांगा. मागून पाठीत धक्का बसल्यासारखे वाटले तर ब्रेक लागत नाहीत.

आता घाट. तुमचा जोड, म्हणजे पिकअप आणि ट्रेलर मिळून, माणसांसह साडेतीन टनांच्या घरात जातो. तो फक्त १०० मीटर उंची उतरतो तेव्हा जी ऊर्जा ब्रेकना आणि इंजिनाला गिळावी लागते, तेवढ्यात ११ लिटर पाणी, म्हणजे एक घागर, साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. घाट काही शंभर मीटरवर संपत नाही, म्हणून अशा कित्येक घागरींची उष्णता त्या चार-सहा चाकांमधून बाहेर पडायची असते. ब्रेक सतत हलका दाबून ठेवला तर ती उष्णता साठत जाते, अस्तर घसरू लागते आणि पायाखालचे पेडल मऊ होते. म्हणून माथ्यावरच, उतार सुरू होण्याआधी, खालचा गिअर टाकावा; ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच्याही एक खाली. गाडी स्वयंचलित गिअरची असेल तर ती हाताने खाली धरून ठेवावी. वेग ४० कडे जाऊ लागला की ब्रेक ठामपणे दाबून तो ३० पर्यंत आणावा आणि मग पाय पूर्ण काढावा, म्हणजे मधल्या वेळात ब्रेकना वारा मिळतो. न्यूट्रल कधीही करू नये. ओव्हररन ब्रेक असलेला ट्रेलर उतारावर सतत रेटत असल्याने त्याचे ड्रम पिकअपच्या आधी तापतात. जळका वास आला तर मोकळ्या जागी थांबून अर्धा तास निवू द्यावेत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तो तडकतो, आणि तेवढ्या वेळात हातब्रेकही ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून उटीवर भागवावे.

तुम्ही खानापूरचे आहात, तेव्हा पहिल्या फेरीला चोर्ला का निवडता हे मला कळले नाही. लोंढा, रामनगर, अनमोड आणि मोले हा राष्ट्रीय महामार्ग तुमच्या दारातून जातो, त्या घाटातून ट्रकांची वाहतूक वर्षानुवर्षे चालत आली आहे, आणि लांब गाडी वळवायला तिथे तुलनेने जागा मिळते. जांबोटी, कणकुंबीवरून उतरणारा चोर्ला अरुंद आणि वळणांचा आहे. चार-पाच फेऱ्यांचा हात बसल्यावर, कोरड्या दिवशी आणि सकाळच्या उजेडात तो करता येईल. बेळगाववरून आंबोलीमार्गे सावंतवाडीला उतरणेही शक्य आहे, पण गोव्यासाठी तो तुम्हाला लांबचा पडेल. तिलारीचा घाट मात्र ट्रेलर घेऊन कधीही धरू नका. त्याचा उतार रिकाम्या मोटारीलाही घाम फोडतो. पावसाळ्यात या घाटांवर जिल्हा प्रशासनाचे वाहतूकबंदीचे आदेश निघतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. धुके असेल तर माथ्यावर चहा घेत बसावे.

वळणावर ट्रेलरची चाके पिकअपच्या चाकांच्या रेघेवरून येत नाहीत, ती आतून कापत येतात. दरीच्या किंवा गटाराच्या बाजूने वळताना पिकअप आपल्या मार्गिकेतच जितकी बाहेर ठेवता येईल तितकी ठेवून, हॉर्न वाजवून आणि उशिरा वळावे. घाटरस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या गाडीला आधी वाट देण्याचा नियम आहे. उतरणारे तुम्ही असाल, म्हणून थांबायचे तुम्ही. आणखी एक गोष्ट, जी बाहेरगावच्या माणसाला सांगावी लागते पण तुम्हाला माहीतच आहे : डिसेंबरमध्ये आपल्याकडचे रस्ते उसाच्या दुहेरी ट्रॉल्यांनी भरलेले असतात आणि त्यांतील कित्येकांना मागे लाल दिवा नसतो. अंधार पडण्याआधी मुक्काम गाठावा. गावाबाहेरचे रंग उडालेले गतिरोधकही ट्रेलरला पिकअपपेक्षा जास्त मारतात, कारण दांडीचा सगळा दाब त्या क्षणी बॉलवर आपटतो.

बॉल आणि हिचबद्दल थोडे. उद्यमबागेत वेल्डिंगचे उत्तम कारागीर आहेत याचा मला अभिमान आहे, कारण माझी उमेदीची वर्षे तिथल्याच शेडमध्ये गेली. तरीही हिच बंपरला वेल्ड करून घेऊ नका. ती चासीला, योग्य दर्जाच्या हायटेन्साईल बोल्टांनी बसवली पाहिजे. बाजारात ५० मिलिमीटरचा आणि दोन इंचांचा असे दोन बॉल मिळतात; फरक केवळ ०.८ मिलिमीटरचा असला तरी कपलरवर, म्हणजे दांडीच्या तोंडाशी असलेल्या आणि बॉलवर बसणाऱ्या वाटीवर, जो आकडा कोरलेला असेल तोच बॉल घ्यावा. जोडल्यावर एक परीक्षा करा : कपलरची कडी लावून दांडीचा जॅक थोडा वर फिरवा. पिकअपची शेपटी त्याच्याबरोबर उचलली गेली तर जोड बसला आहे, आणि कपलर बॉलवरून सुटून एकटा वर आला तर बसलेला नाही. सुरक्षेच्या दोन्ही साखळ्या दांडीखालून एकमेकींवर फुलीसारख्या ओलांडून लावाव्यात, म्हणजे कपलर सुटला तरी दांडी त्या झोळीत पडते आणि रस्त्यात रुतत नाही. जोड तुटल्यास ट्रेलरचे ब्रेक लावणारी बारीक तार असेल तर ती साखळीला किंवा बॉलला अडकवू नका. ती पिकअपच्या चासीला स्वतंत्र बांधायची असते. मग दिवे, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट मागे माणूस उभा करून पाहावेत, आणि गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा.

टायरच्या बाबतीत जुना ट्रेलर फसवतो, कारण तो चालण्यापेक्षा उभाच जास्त असतो. नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर म्हातारे झालेले असते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : २३१८ असेल तर तो २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. सहा वर्षे उलटली असतील तर चारचौघांचे न ऐकता बदलावा. तिथेच भाराचा क्रमांकही असतो. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. वरच्या हिशेबात दांडीचे १२४ किलो वजा जाता दोन टायरांवर १,०२६ किलो, म्हणजे प्रत्येकी ५१३ येतात. ८४ क्रमांकाचा टायर तिथेच नापास होतो.

चाकांच्या नटांविषयी मी स्वतःचा अनुभव सांगतो, कारण चूक माझीच होती. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याचा जनरेटर-ट्रेलर पिकअपला जोडून निपाणीकडे न्यायचा होता. आदल्या दिवशी मी हौसेने त्याच्या रिम रंगवल्या आणि रंग पुरता वाळण्याआधीच चाके चढवून नट आवळले. संकेश्वरला चहासाठी उतरलो, सवयीने नटांवर हात ठेवला, आणि पाचांपैकी तीन नट बोटांनी फिरले. नटाखाली सापडलेला रंगाचा थर दाबाने चेपला होता आणि पकड सैल झाली होती. पुढे तवंदी घाट होता. तेव्हापासून चाक काढून लावले की ५० ते १०० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा पान्याने आवळल्याशिवाय मी पुढे जात नाही. तुमचा ट्रेलर विकण्याआधी रंगवला होता का, हे आठवून पाहा.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे आणि त्याची स्वतःची नोंदणी लागते. कोल्हापूरचा असल्याने त्यावर एमएच ०९ असेल. बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवणार असाल तर तिकडील कार्यालयाचे ना हरकत पत्र घेऊन इथल्या आरटीओत नवा क्रमांक घ्यावा लागेल. पिकअपच्या विमा कंपनीला ट्रेलर जोडत असल्याचे लेखी कळवा आणि पॉलिसीत त्याची नोंद करून घ्या. नोंदणीच नसेल तर विकणाऱ्याशी आजच बोला.

मागे घेण्याचा सराव रानात दोन सकाळी करावा. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. शेपटी ज्या बाजूला न्यायची त्या बाजूला हात सरकवा, अगदी थोडा. चुकले की पुढे घेऊन सरळ करा. ट्रेलर पिकअपपेक्षा रुंद असणार, तेव्हा बाहेर येणारे जादा आरसे बसवल्याशिवाय मात्र महामार्गावर जाऊ नका.

डिसेंबरला अजून अवधी आहे. येत्या आठवड्यात वजनकाट्याची तीन वजनांची चिठ्ठी, फळीवरचा आकडा, दोन्ही टायरांवरील चार अंक आणि ट्रेलरला ब्रेक कोणत्या प्रकारचे आहेत एवढे कळवा. एक चौकशी मात्र राहिली आहे : टाकीला तळाशी पाणी सोडण्याचा नळ आहे ना? नसेल तर आधी तो बसवून घ्या, नाहीतर निघण्याच्या दिवशी १०० लिटर पाणी बादलीने उपसावे लागेल.